खुर्चीमागचा आवाज

प्रिय वेदू,

तुझ्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, आणि तरी मी तुला पत्र लिहायला बसलोय. आई मघाशी दारातून डोकावून गेली. कुणाला लिहिताय म्हणून विचारलं तिनं. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नसावं. हिवाळ्यात तुला ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून या घरात आम्हीही एकमेकांशी लांब वाक्यं बोलत नाही. तुझ्याशी जे बोलायचं ते मोबाइलवर, 'जेवायला ये', 'गोळी घेतलीस का', 'कंपनीतून फोन होता'. त्या चौकटीत माझं बोट अडखळतं आणि चार शब्दांपलीकडे मला काही सुचत नाही. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेला माणूस मी, मला कागदच बरा.

आधी थोडं मागचं लिहितो. त्यातलं बरंच तुला पाठ आहे, पण ते लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. तुझ्या जन्माच्याही आधी मी आणि तुझा प्रभंजनकाका धारवाडातल्या प्रत्येक मैफलीला जात होतो. काकाचं तेव्हा हुबळीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मैफल संपवून घरी आलो की मला टेपरेकॉर्डरवरचं गाणं ऐकवत नसे. दोन स्पीकर लावले तरी गाणं आपलं समोरच्या भिंतीवर टांगल्यासारखं. सभागृहात तसं नसतं. तिथं आवाज मागच्या भिंतीवर जाऊन परत येतो, छतावरून उतरतो, मागच्या रांगेत कुणी खाकरतं, कुणी मांडीवर ताल धरतं, आणि आपण त्या सगळ्याच्या मधे बसलेले असतो. काका म्हणाला, हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आलेलं असतं की, फक्त समोरच्या आवाजाखाली दबलेलं असतं. डाव्या आणि उजव्या बाजूला जे अगदी सारखं आहे ते एकमेकांतून वजा कर, मधोमध बसलेला गाणारा जवळजवळ नाहीसा होईल आणि उरेल ते सभागृह. ते उरलेलं खुर्चीच्या मागे दोन स्पीकर ठेवून त्यातून सोड, हळू आवाजात आणि किंचित उशिरा. सांगायला सोपं होतं. जमवायला मला कितीतरी वर्षं लागली. कधी गाणाराच मागे जाऊन बसायचा, कधी नुसती घरघर.

ज्या रविवारी ते पहिल्यांदा नीट जमलं, तेव्हा तू पाचवीत होतीस. उन्हाळ्याच्या सुटीत तुला गालगुंडं झाली होती आणि तू नुकतीच अंथरुणातून उठली होतीस. चेहरा इतकासा झाला होता. आपल्या धारवाडातल्याच मळमड्डीच्या सभागृहात मी स्वतः दोन माइक लावून घेतलेलं एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं ते. मी आधी स्वतः खुर्चीत बसून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. टाळ समोर होते, पण त्यांचा निनाद माझ्या पाठीमागून येत होता. मला वाटलं, वळून बघितलं तर लोक बसलेले दिसतील. आई स्वयंपाकघरात होती, तिला अशा गोष्टींचं कधीच काही नव्हतं. मी तुला हाक मारली, खुर्चीत बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. तू माझ्याकडे बघत बसलीस. मागचा आवाज आला तशी मी भुवई उडवली असेन, बोट वर केलं असेन. तू लगेच म्हणालीस, "आला अप्पा, मागून आला." वेदू, मी तुला उचलून घेतलं होतं. तू उचलून घ्यायच्या वयाची राहिली नव्हतीस, तरी.

त्यानंतरचे रविवार तुला माहीतच आहेत. काहीही बदल केला, एखादं नवं यंत्र जोडलं, मागच्या स्पीकरचं तोंड जरा भिंतीकडे वळवलं, की परीक्षेला तू. मी मागचे स्पीकर चालू-बंद करायचो आणि तू सांगायचीस, आता आहे, आता नाही. तुझं कधी चुकलं नाही. काका यायचा तेव्हा मी त्याला म्हणायचो, माझे कान आता म्हातारे झाले, खरे कान हिचे. तो तुला धारवाडचा पेढा आणायचा, कानांचं बक्षीस म्हणून. तू मान खाली घालून पेढा खायचीस. मला वाटायचं, लाजतेय.

बारावीनंतर मी ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाची माहिती काढली. पुण्याला होता, बंगळूरला होता. तू म्हणालीस, मला त्यात रस नाही. मी विचारलं, का गं, एवढे तुझे कान? तू म्हणालीस, "अप्पा, मला रसायनशास्त्र आवडतं." आणि तू ते शिकलीस, धारवाडबाहेरच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तपासणी विभागात लागलीस, सकाळी कंपनीच्या बसनं जाऊ लागलीस. मी रागावलो नाही. मला थोडं वाईट वाटलं, एवढंच, आणि तेही तुला दिसू नये असा प्रयत्न केला. रविवारी खुर्चीत बसायला तू कधी नाही म्हणाली नाहीस. कंटाळली असशील, दमली असशील, तरी बसायचीस.

आता हिवाळ्याचं लिहितो. तू म्हणालीस सर्दी झालीय, घसा बसलाय, उजव्या कानात दडा बसलाय. गळ्याला मफलर गुंडाळून घरात वावरत होतीस. बोलायचं नाही, विचारलं की मान हलवायची. कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात दाखवून आलीस, तिथं मळ आहे म्हणून कानात घालायला थेंब दिले. आई रोज तुझं डोकं मांडीवर घेऊन ते थेंब घालत होती. मी त्या दिवसांत माझ्याच नादात होतो. आता सगळं संगणकावर होतं ना. जुन्या, दोनच बाजूंच्या रेकॉर्डिंगमधून गाणारा वेगळा, तंबोरे वेगळे, सभागृह वेगळं काढता येतं, आणि ते पाच स्पीकरवर हवं तिथं ठेवता येतं. सगळा हिवाळा मी त्या भजनाच्या पहिल्या रेकॉर्डिंगवर काम करत होतो. तुला चकित करायचं होतं मला.

त्या रविवारी सकाळी तुला खुणेनं बोलावलं. तू मफलरसकट येऊन खुर्चीत बसलीस. मी सुरू केलं. संगणकाच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचायला लागल्या, पण आवाज नाही. एकाही स्पीकरला आवाज नाही. मी इकडे तिकडे बघितलं, मग खुर्चीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसलो आणि वायरी चाचपायला लागलो. अँप्लिफायरला जाणारी मुख्य वायरच निघून आली होती. ती हातात घेऊन मी उठतोय, तोवर तू म्हणालीस, "आला अप्पा. छान येतोय मागून."

खोली इतकी शांत होती की रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं बोलणं ऐकू येत होतं.

मला आधी वाटलं, तू थट्टा करतेयस. मी मागूनच म्हटलं, "वेदू, चहा घेणार?" तू पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बघत होतीस आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरला होतास. मी पुन्हा म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. तुझी बोटं ताल देत राहिली, पट्ट्यांबरोबर अगदी बरोबर. मी ती वायर तशीच हातात धरून किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. मग मी समोर आलो. तुला माझं तोंड दिसलं आणि तुझी बोटं थांबली.

त्याच आठवड्यात आपण तिघं चिगरीच्या जलद बसनं हुबळीला गेलो. तुला आठवत असेल, रायापूर मागे पडेपर्यंत तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस आणि आई तुझा हात सोडत नव्हती. तिथं तुझी तपासणी झाली, काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावून. मग डॉक्टरांनी तुला आणि आईला आत बोलावलं. आत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागलं नव्हतं.

वेदू, आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही. आईलाही नाही.

डॉक्टरांनी आधी आईला विचारलं, डाव्या कानाला "एष्ट वर्ष आतु?" किती वर्षं झाली असं. आई म्हणाली, वर्षं कसली, आत्ताच तर झालंय हे, पंधरवडासुद्धा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, उजव्याचं नवं दिसतंय, डावा मात्र फार जुना आहे. मग कागद सरकल्याचा आवाज आला. त्यांनी तुला कागदावर लिहून विचारलं असणार. आणि मग तू बोललीस. तुला वाटलं असेल की तू हळू बोलतेयस. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता बाळा. तू इतक्या मोठ्यानं बोलत होतीस की बाकावरच्या सगळ्या माणसांनी दाराकडे माना वळवल्या. तू म्हणालीस, पाचवीत गालगुंडं झाली तेव्हापासून डाव्या कानाला काहीच येत नाही. आत्याचा फोन आला होता, डाव्या कानाला लावला, तर फोन बिघडलाय असं वाटलं. उजव्याला लावला तर आत्या बोलत होती. संध्याकाळी अप्पांना सांगणार होते. पण त्याच दिवशी अप्पांचं ते मागच्या स्पीकरचं जमलं आणि ते फार खुशीत होते. मग उद्या सांगू म्हटलं. मग पुढच्या रविवारी परत बसवलं. मग राहूनच गेलं.

आणि मग तू डॉक्टरांना कानडीत म्हणालीस, "अप्पाग हेळब्याड्री." अप्पांना सांगू नका, मी सांगेन हळूहळू. तुझ्या मनानं ते तू कुजबुजली होतीस. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, काठी टेकून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं मी कोण ते, पण त्यांना कळलं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली आणि बाकावर सरकून मला जरा जास्त जागा करून दिली.

तुम्ही दोघी बाहेर आलात. आई म्हणाली, दोन्ही कान एकदम गेलेत, कसला तरी विषाणू असतो म्हणे. मी म्हटलं, बरं. येताना बसमध्ये मी तुमच्या मागच्या बाकावर बसलो होतो. तेव्हापासून आपण तिघं असेच आहोत. आईला वाटतं मला माहीत नाही, तुला वाटतं मला माहीत नाही, आणि मी काही माहीत नसल्यासारखा तुझ्या गोळ्यांच्या वेळा बघतोय.

नंतर मी एकटाच एकदा डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाजारात जातो म्हणून निघालो होतो. त्यांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते भले गृहस्थ आहेत, टाळत होते. मी म्हटलं, मी शिक्षक आहे, मला सांगा. मग म्हणाले, असा कान अचानक जातो तेव्हा पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर बऱ्याच जणांचा थोडाफार परत येतो. एरवी लोक चालढकल करतात कारण दुसरा कान चालू असतो. हिला तर दुसरा नव्हताच. घरात कुणाला माहीत असतं तर त्याच दिवशी धावत आला असतात तुम्ही.

धावत आलो असतो, वेदू. अनवाणी आलो असतो.

तेव्हापासून माझं असं होतं की बसल्या जागी काहीतरी आठवतं आणि मग त्या दिवसाचं जेवण जात नाही. रस्त्यानं चालताना तू नेहमी माझ्या डाव्या हाताला असायचीस, मी उजव्या बाजूला घेतलं तर दोन पावलांत परत फिरून यायचीस. मला ती लाडकी खोड वाटायची. जेवताना डावा कान भिंतीकडे येईल अशीच जागा. सातवीत असताना स्टेशन रोडवर एका स्कूटरनं तुला पाडलं. त्यानं हॉर्न दिला होता, तू नेमकी त्याच्याच बाजूला सरकलीस. गुडघा फुटला होता आणि मी तुला रस्त्यात सगळ्यांसमोर म्हणालो होतो, लक्ष कुठं असतं तुझं? तू उठलीस आणि परत माझ्या डाव्या हाताला आलीस. आणि माझ्याच वर्गात, नववीत, माणसाला दोन कान कशाला हा धडा. दरवर्षी एका मुलाचे डोळे बांधून मधे उभं करायचो, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्यानं बोट दाखवायचं, आवाज कुठून आला. तुझ्या वर्षी मी तुझं नाव घेतलं. तू म्हणालीस, सर, मी टाळी वाजवते, ज्योतीला उभं करा. शाळेत मला सर म्हणायचीस. मी ज्योतीचे डोळे बांधले आणि पुढचा धडा शिकवायला लागलो.

मागच्या महिन्यात तुझ्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवलं त्याचे टाके दाखवायला तुम्ही दोघी गेला होतात, त्या दुपारी मी माझ्या डाव्या कानात मेणाचा बोळा घातला, त्यावर कापूस, त्यावर हात घट्ट दाबला, आणि खुर्चीत बसून तेच भजन लावलं. पाचही स्पीकर चालू. सगळं एका बाजूला गोळा झालं होतं. टाळ, गाणारा, मागचे लोक, छत, सगळं उजव्या कानाशी ढीग करून टाकल्यासारखं. मागं काही नव्हतं. पुढंही काही नव्हतं. मागचे स्पीकर बंद केले तर आवाज किंचित कमी झाला, चालू केले तर किंचित वाढला. तेवढाच फरक. तेवढ्यावर तू सांगत होतीस, आणि उरलेलं माझ्या चेहऱ्यावरून. मी संपूर्ण रेकॉर्डिंग तसंच ऐकलं. मग बोळा काढला आणि सगळं बंद केलं. त्यानंतर मी ते लावलेलं नाही. काकाचा फोन आला होता, नवीन काय करतोयस म्हणून. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, आजारी आहेस का? मी म्हटलं, हो.

कुणी म्हणेल, मुलगी दिसत असताना बापाला दिसलं कसं नाही. मी स्वतःला ते दिवसभर विचारतो. पण हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाहीये. माफी मागितली तर तू पुन्हा मलाच समजावत बसशील. तुझं सगळं लहानपण त्यात गेलं. दर रविवारी तू एका मोठ्या माणसाला सांभाळलंस आणि त्या मोठ्या माणसाला वाटत होतं, आपण मुलीला काहीतरी देतोय.

आता गुरुवारचं. उजव्या कानात बसवलेलं ते यंत्र गुरुवारी पहिल्यांदा सुरू करणार. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तुला लिहून दिलं होतं ते मीही वाचलंय. सुरुवातीला माणसांचं बोलणं पत्रा खरवडल्यासारखं, किड्यांच्या किरकिरीसारखं येईल. मग सवयीनं, मेहनतीनं, बोलणं समजायला लागेल, बहुतेकांना लागतं. गाणं पूर्वीसारखं येणार नाही. आवाज कुठून आला हे एका यंत्रानं कळणार नाही. एवढं सगळं लिहून त्यांनी खाली सही केलीय. पण एक गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी तोंडी सांगितली, ती तुला सांगायला हे पत्र. गुरुवारी ती यंत्र जुळवणारी बाई तुला एकेक बारीक आवाज देईल आणि विचारेल, आला का, किती आला, टोचला का. तू जे सांगशील त्याच्यावर ती यंत्र बसवत जाईल. त्यांच्याकडे दुसरं मोजमाप फारसं नाही. आला नसताना आला म्हटलंस, टोचत असताना छान म्हटलंस, तर यंत्र चुकीचं बसेल आणि तू महिनोन् महिने चुकीचंच ऐकत राहशील.

मी गुरुवारी येणार नाही. आई येईल, सुनिताआत्या तिकडंच हुबळीला येऊन थांबेल. आईला मी सांगेन की माझी पाठ दुखतेय. तू मनाला लावून घेशील म्हणून तुला खरं कारण सांगतो. मी त्या खोलीत समोर असलो तर तू माझ्या तोंडाकडे बघशील. मला माझं तोंड आवरता येत नाही, ते मला आता कळलंय. त्या बाईनं बटण दाबलं की मी आशेनं बघेन, आणि तू म्हणशील, आला अप्पा. तू म्हणशीलच. तू पाचवीतही म्हणालीस आणि हिवाळ्यात, काहीच वाजत नसताना, म्हणालीस. म्हणून मी घरी राहतो. तिथं जे येईल ते येईल. नाही आलं तर नाही म्हण. पुन्हा पुन्हा विचारलं तरी नाही म्हण. ती बाई वैतागली तरी म्हण. घरी आल्यावर मला काही सांगायला माझ्या खोलीत येऊ नकोस. आलीस तर तेवढंच सांग जे खरं आहे.

तुझ्याकडून खरं मागतोय तर माझंही खरं सांगायला हवं. रोज सकाळी तू चहाला येतेस तेव्हा मी अंगठा वर करून हसतो. त्यात काही अर्थ नसतो. मला आशा वाटत नाही, वेदू. तू बोलणं ओळखायला शिकशील, कामावर परत जाशील, हे मी डोक्यानं समजून घेतलंय, पण मन तिथं जात नाही. मला एवढंच दिसतं की तुझा चांगला कान माझ्या खुर्चीपायी गेला आणि तो कुणी परत आणून देणार नाही. हे तुझ्यापासून लपवलं असतं तर आपल्या घरात आणखी एक तसलीच गोष्ट झाली असती. उद्यापासून मी अंगठा वर करणार नाही. तू फक्त चहा पी.

पत्र दाराखालून सरकवतोय. मघाशी एकदा तुझ्या दाराशी येऊन गेलो, दार वाजवायला हात वर केला होता, आणि मग खाली घेतला.

तुझाच,
अप्पा